नखावरची धार

पेठ नाक्याच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये गोटीराम मिस्तरींचं सुतारकाम चालतं. सागवानी दरवाजे, चौकटी, देवघरं. वय बासष्ट. त्यांच्या हातात कला आहे हे सगळी पंचवटी मानते. तोंडात काय आहे ते कुणी त्यांच्या समोर बोलत नाही. पार्टिकल बोर्डाला ते ‘दाबलेला भुसा’ म्हणायचे, इंटिरियरवाल्यांना ‘फोटोवाले’ आणि मॉड्युलर किचनला नुसतं ‘डबे’. एखाद्यानं नवं घर दाखवायला नेलं तर भिंती, फरशी, काही बघायचे नाहीत. दाराच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, नाक मुरडायचे आणि चहा न पिताच निघायचे. सिंधुबाई, म्हणजे त्यांची बायको, मागे राहून घरच्यांची समजूत काढायची.

पण त्यांच्या तुच्छतेचा खरा मानकरी होता राउटरचं स्वस्त बिट. राउटर म्हणजे लाकडाच्या कडेला गोलाई, खाच, नक्षी काढणारं मशीन. त्याच्या तोंडात, म्हणजे चकमध्ये, दांड्यानं जे पातं घट्ट बसतं ते बिट. मिनिटाला वीस हजार फेरे मारतं. “मशीन कुणी पण घेतं,” मिस्तरी म्हणायचे, “अक्कल बिटात दिसती.”

गंगापूर रोडला नवं दुकान काढलेला ज्ञानेश एकदा शेडवर आला. त्याच्या हातात मखमली खाचांचा डबा होता, आत शंभर बिटं, सगळी सोनेरी. मोबाइलवरून मागवलेली.

“मिस्तरी, बघा तरी.”

मिस्तरींनी एक उचललं. आधी पात्याच्या टोकावर बसवलेला कार्बाइडचा तुकडा उजेडात धरला. “हा कागदाएवढा. दुसऱ्यांदा धार लावायला गेलास तर उरणार काय, तुझं नाव?” मग झाळ, म्हणजे तुकडा लोखंडाला जोडणारा पितळेचा सांधा, बघितली. तुकडा आणि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. मग बेअरिंग कानाशी धरून फिरवलं. त्यानं खर्र आवाज केला. शेवटी पात्याची कड डाव्या अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढली. धार असती तर नख खरवडलं असतं. कड नुसती घसरली.

“हे सोनं नाय, सोनेरी रंग हाय,” त्यांनी बिट डब्यात टाकलं. “घरी नेऊन पोरांना खेळायला दे. नको, डोळा जाईल एखाद्याचा.”

ज्ञानेश गेला. शेडमध्ये हर्षल काम करत होता, तो गालात हसला. हर्षल पस्तिशीचा, गेली अकरा वर्षं मिस्तरींच्या हाताखाली. सुताराच्या घरातला नव्हता. पेठकडच्या एका पाड्यातून आला होता, आणि लाकूड वाचायला मात्र इथं शिकला होता. मिस्तरींनी त्याला आयुष्यात एकदा चांगलं म्हटलं होतं. ते पण, “बरंय, जमतंय,” एवढंच.

मिस्तरींची स्वतःची बिटं येत ती भद्रकालीतल्या एकाच दुकानातून. तिथले म्हातारे शेठ सचोटीचे. एखादं बिट मनात बसलं नाही तर तेच सांगायचे, “हे तुमच्यासाठी नाही.” शेठ गेले, गादीवर त्यांचा मुलगा राकेश बसला. मिस्तरी तरी तिथंच जात राहिले. आणि जगातल्या यच्चयावत बिटांना नखावर ओढणारा हा माणूस, त्या दुकानातली पुडी उघडून बिट थेट मशीनमध्ये लावायचा. शेठच्या दुकानावर शंका घेणं त्यांना देवळातल्या तीर्थाचा वास घेण्यासारखं वाटे.

मग वणीचं काम आलं. गडाच्या पायथ्याशी एका ट्रस्टचं भक्तनिवास होत होतं, त्याचे बावीस दरवाजे. जुनं, भरलेलं सागवान. प्रत्येक दाराच्या तक्त्याला चारी बाजूंनी नक्षीची पट्टी. मिस्तरींनी राकेशकडून चार नवी बिटं आणली, आणि पट्टीचं काम हर्षलला दिलं.

दुसऱ्याच दिवशी लाकूड जळायला लागलं. कडेला काळे पट्टे, करपल्याचा वास. हर्षलनं फिरण्याचा वेग कमी केला, हात हलका केला, तरी तेच. आणि खाच मध्येच खोल जायला लागली. सुरुवातीला सहा मिली, शेवटी आठ. तिसऱ्या दारानंतर त्यानं मशीन बंद केलं.

“मिस्तरी, बिट सरकतंय चकमधून. दांडा बारीक वाटतो. एकदा मोजून बघू का?”

शेडमध्ये त्या दिवशी ट्रस्टचे पुंजाराम अण्णा काम बघायला आले होते. रंधा चालवणारे दोघे जण होते. बिघडलेली तिन्ही दारं सगळ्यांच्या समोर भिंतीला टेकलेली.

“दांडा बारीक?” मिस्तरी म्हणाले. “तुझा हात मोज आधी! अकरा वर्षं झाली, अजून मशीन धरता येत नाय. शेठच्या दुकानातलं बिट हाय ते. तुझ्या त्या पाड्यात कधी सागवान बघितलं होतंस का, बाभळीच्या काटक्या सोडून?”

हर्षलनं मशीनची वायर गुंडाळली, अॅप्रन काढून खुंटीला लावला, आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. “जाऊ दे,” मिस्तरी सिंधुबाईला म्हणाले, “काटक्या जमवायला गेला असेल.”

“तुम्ही त्याला पाड्यावरून बोललात ना?” तिनं विचारलं.

“हातावरून बोललो.”

“दोन्हीवरून बोललात. रंधेवाल्यांनी सांगितलं मला.”

पट्टीचं काम आता मिस्तरींनी स्वतः घेतलं. हर्षल वापरत होता ते बिट काढून त्याच पुडीतलं दुसरं लावलं. पहिलं दार बरं गेलं, म्हणून त्यांनी मोठ्यानं “बघा!” म्हटलं. ऐकायला रंधेवाले होतेच. दुसऱ्या दाराला वळणावर मशीननं कण्हल्यासारखा आवाज केला, काहीतरी सणकन सुटलं, आणि मिस्तरींच्या गालावरून रेघ ओढून मागच्या खांबात रुतलं. कार्बाइडचा तुकडा. दोन बोटं वर लागला असता तर डावा डोळा गेला होता.

शेडमागच्या घरातून धावत आलेल्या सिंधुबाईनं गालावर हळद दाबली. मिस्तरी खाली बसून ते मोडकं बिट बघत राहिले. तुकडा निघाला होता तिथं झाळ अर्धीच लागली होती. अर्धा भाग कोरा, पितळेचा मागमूस नाही. त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर आणायला लावला. दांडा बारा मिलीच्या जागी अकरा-सात भरला. उरलेली तिन्ही बिटं आणली. दोन अकरा-सात, एक अकरा-सहा. मग, रंधेवाले बघत असताना, त्यांनी तिसऱ्या बिटाची कड नखावरून ओढली.

ती घसरली.

त्याच दुपारी ते भद्रकालीत गेले. राकेशनं गालावरची पट्टी बघून खुर्ची पुढे केली. मिस्तरींनी चारही बिटं काउंटरवर ठेवली.

“काका, पॅकिंग तर कंपनीचं आहे.”

“पॅकिंग लावू का मशीनला?”

“आता सगळीकडे हाच माल येतो. ओरिजिनल कोण विचारतंय? तुम्ही एवढे जाणकार. तुम्ही बघून घेतलं असतं तर मी दुसरं दिलं नसतं का?”

मिस्तरींना त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण शेवटचं वाक्य खरं होतं, आणि ते अशा माणसाच्या तोंडून यावं याची त्यांना किळस आली. राकेशचा तिरस्कार करायला काहीच कष्ट पडले नाहीत. तो त्यांनी दुकानाच्या पायरीवरच उरकला. मेन रोडनं चालताना मात्र त्यांना सतत भिंतीला टेकलेली ती तीन दारं दिसत होती, आणि पुढे हर्षलची वायर गुंडाळणारी बोटं.

आठवड्यानं रंधेवाल्यांकडून कळलं, हर्षल अंबडला कामाला लागला होता. जाऊन बघतात तर मॉड्युलर किचनचा कारखाना. डबे! मिस्तरींना बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तिथून आतलं टेबल दिसत होतं. सागवानाच्या ठोकळ्याला भोकं पाडून त्यात बिटं उभी लावलेली, एकही दुसऱ्याला टेकत नव्हतं, सगळी पुसलेली. कुणी लावली असतील ते विचारायची गरज नव्हती.

हर्षल हात पुसत आला. त्याच्या मागे पाचसहा कामगार थांबून बघायला लागले. मिस्तरींना वाटलं, याला बाजूला घ्यावं. मग वाटलं, बोललो तेव्हा कुठे बाजूला घेतलं होतं.

“बिट खोटं होतं,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “दांडा अकरा-सात भरला. तुझा हात बरोबर होता. चूक माझी.”

हर्षलनं त्यांच्या गालाकडे बघितलं. “लागलं का फार?”

“तेवढं लागायलाच पाहिजे होतं.”

“आणि पाड्याचं?”

“ते तर बिट चांगलं असतं तरी चूकच होतं,” मिस्तरी म्हणाले. “चल परत. दारं तुझ्याशिवाय व्हायची नाहीत.”

“नाही येणार मिस्तरी.” तो चिडून बोलत नव्हता, म्हणून ते जास्त पक्कं वाटलं. “इथं मला हर्षलभाऊ म्हणतात. काही बिघडलं तर आधी बिट बघतात, मग माणूस.” त्यानं चहा मागवला. मिस्तरींनी, कधी नव्हे ते, दुसऱ्याच्या दारातला चहा संपवला. निघताना हर्षलनं सातपूरच्या एका दुकानाचा पत्ता कागदावर लिहून दिला. “व्हर्नियर घेऊन जा. तो मोजू देतो.”

मिस्तरींनी तिथं सहा बिटं मोजली, नखावर ओढली, चार परत दिली, दोन घेतली. दुकानदार कंटाळून गेला. बिघडलेली दारं फेकून त्यांनी नवी केली, आणि सगळ्या पट्ट्या स्वतः काढल्या. पावसाळ्याआधी बावीसच्या बावीस दारं वणीला पोचली.

बिजागऱ्या बसवत असताना पुंजाराम अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. कडेवरून हात फिरवून म्हणाले, “वा! बरं झालं तो गडी काढून टाकलात. त्यानं पार नास केला असता.”

“त्यानं नाय नास केला,” मिस्तरी म्हणाले. “मी केला. बिट मी आणलं होतं, न बघता. त्याला कळलं होतं, मला नाय कळलं. मी त्याला बोललो तेव्हा तुम्ही ऐकत होतात, म्हणून तुम्हाला सांगतोय.”

“असं होय,” अण्णा म्हणाले आणि तिथंच उभे राहिले.

“आता बाजूला सरका,” मिस्तरी खेकसले. “उजेड अडवलाय सगळा. स्क्रू दिसत नाय.”