वेंगुर्ल्याची वखार दुबईच्या वर्गात

विभावरी सामंत लग्नाआधी वेंगुर्ल्याच्या शाळेत इतिहास शिकवायची. पोरांना फळ्यापुढे डांबून ठेवणं तिला कधी जमलंच नाही. जरा ऊन उतरलं की सगळी वरात डच वखारीच्या पडक्या भिंतींपाशी! यतीनशी लग्न होऊन ती दुबईला आली नि ते सगळं सुटलं. इथे शिकवायचं तर लायसन्स हवं, त्यात लेक ईश्वरी झाली. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या वन-बीएचकेत संसार छान चालला होता, तक्रार नव्हती. पण शिकवणारा जीव घरात बोलून बोलून किती बोलणार?

ईश्वरी सातवीत असतानाची गोष्ट. ती लॅपटॉपवर शाळेचं प्रेझेंटेशन करत होती. विषय होता, परक्यांच्या राजवटीत व्यापारी बंदर कसं वसलं. विभावरीनं सहज डोकावून पहिलं वाक्य वाचलं: युरोपियन आले, त्यांना रिकामा किनारा मिळाला, त्यांनी बंदर वसवलं.

"रिकामा? कोणी सांगितलं तुला?"

"एव्हरीवन राइट्स दॅट, आई."

"बूट घाल. यल्ला, चल!"

मेट्रोनं दोघी देरा भागातल्या खाडीवर गेल्या. धक्क्याला लाकडी जहाजं लागली होती. फ्रिज, टायर, तेलाचे डबे चढत होते.

"आमचं वेंगुर्लंही असंच गजबजलेलं," विभावरी म्हणाली. "डच आले ते विजापूरच्या आदिलशहाची परवानगी काढून. रिकाम्या किनाऱ्यावर परवानगी कुणाची मागतात गं? वखार बांधली ती गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला नि आपल्या जहाजांना शिधा पुरवायला. तो तांदूळ पिकवला कुणी? होड्यांतून जहाजापर्यंत नेला कुणी?"

"लोकल पीपल?"

"मग बंदर वसवलं कुणी?"

परतताना मेट्रोतच ईश्वरीनं फोनवर ते वाक्य खोडलं.

प्रेझेंटेशन झालं आणि तिच्या शुभ्रा टीचरचा निरोप आला, आईच वर्गात येऊन सांगतील का? विभावरीनं आधी नकारच दिला.

"माझं इंग्रजी ऐकून पोरं हसतील."

"यू स्पीक मराठी," ईश्वरी म्हणाली. "आय विल ट्रान्सलेट."

वर्गात पहिली दोन वाक्यं अडखळली. मग बोर्डावर कोकणचा किनारा काढता काढता तिची जीभ सुटली. ईश्वरी भराभर इंग्रजीत सांगत होती, ती 'वखार' शब्दाशी थांबली.

"वेअरहाउस?"

"नुसतं गोदाम नव्हे. माल, कचेरी, माणसांचं राहणं, पहारा, सगळं एकाच भिंतीत."

ईश्वरीनं क्षणभर विचार केला आणि वर्गाला म्हणाली, "लेट्स जस्ट कॉल इट वखार." सगळा वर्ग एका सुरात "वखार!" ओरडला.

फहद नावाच्या मुलानं विचारलं, डच आल्यावर लोक खूश होते का?

"काहींना गिऱ्हाईक मिळालं, काहींच्या वाट्याला नुसतं ओझं आलं," विभावरी म्हणाली. "आणि बऱ्याच जणांना काय वाटलं, ते कुणी लिहूनच ठेवलं नाही."

फहद मान डोलावत खाली बसला. हे उत्तर त्याला पटलेलं दिसलं.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ती ओळखीच्या घरांतली मुलं घेऊन खाडीवर जाते. फोनवर हे ऐकून वेंगुर्ल्याहून तिची आई हसली, "मगे, थंयसर दुबईतय शाळाच गावली तुका!"

फिरून झालं की मुलं चहाच्या टपरीवर पराठे मागतात. भुकेनं एकजात कासावीस, तरी प्रश्न थांबत नाहीत. विभावरीचा चहा बहुतेकदा गारच होतो.