नाडी बांधून होईपर्यंत

तेलगावच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हा सकाळी वडवणीच्या स्टँडवर एक म्हातारे आबा भेटायचे. लढाईत शौर्यपदक मिळवलेले आणि फौजेतून आल्यावर सात-आठ पिक्चरमध्ये मरायची छोटी कामं केलेले. पदकाचं कुणी विचारायचं नाही. टपरीवर बाजारकरी गराडा घालून म्हणायचे, "आबा, एकदा मरून दाखवा की!" मग आबा छातीवर हात दाबून, दोन गिरक्या घेऊन बाकड्यावर कोसळायचे. टाळ्या पडायच्या.

त्यांची एक खोड मात्र मला कळत नव्हती. मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो की ते बोलणं थांबवून शेजारी उभे राहायचे. "झालं का?" विचारायचे. "झालं, आबा," म्हणत मी उठलो की मगच पुढचं बोलणं. एकदा तर त्यापायी त्यांची बीडची गाडी सुटली. मी चिडलोच. "कावून थांबलात? जायचं ना बसून!"

निघून गेलेल्या गाडीच्या धुराळ्याकडे बघत ते म्हणाले, "पिक्चरमधी मरायला लई वेळ देत्यात, गुरुजी. तिकडं लढाईत माझा जोडीदार नाडी बांधायला बसावं तसा खाली बसला. मला वाटलं, येईल मागून. मी फुडं गेलो. तो आलाच न्हाई. त्या फुडं जाण्याचंच पदक हाय हे."

आता आबा नाहीत. स्टँडवर नाडी बांधून उठताना मी अजून हळूच म्हणतो, "झालं, आबा."