गफूरसाहेबांची नारूची वही

गफूरसाहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरव अंकासाठी समितीनं लेख मागितला. त्यांचा गौरव करायला मी कधीही तयार आहे. पण आनंदानं सांगावं असं माझ्यापाशी फारसं नाही, हे आधीच कबूल करतो.

देवी टोचणारा म्हणून मी कळंबला रुजू झालो, तेव्हा साहेब आरोग्य निरीक्षक होते. संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका गावच्या बारवेवर नेलं. बायका पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत होत्या. "नारूचा दोऱ्यासारखा जंत बाहेर आलेला पाय याच पाण्यात बुडतो, जंताची पिल्लं पाण्यात उतरतात, आणि हेच पाणी घरोघर पितात. पायऱ्या बुजवून वर रहाट बसवा, रोग खल्लास!" साहेब म्हणाले.

त्यांच्या वहीत एका पानावर आडाचं, म्हणजे पायऱ्या नसलेल्या, वरून शेंदायच्या विहिरीचं पाणी पिणारी घरं होती, दुसऱ्यावर बारवेचं. आडाच्या पानावर नारू जवळजवळ नव्हताच. याहून आणखी पुरावा काय हवा?

त्याच गावच्या धोंडाबाईंच्या पायातला नारू साहेब स्वतः काडीवर गुंडाळायचे, रोज बोटभर. तुटला तर पाय सडायचा. महिनाभर ते रोज सायकलनं गेले. "लई हळू हात हाय जी तुमचा," असं धोंडाबाई म्हणायच्या.

वही वर गेली आणि मोठे अधिकारी पाहणीला आले. कधी? तर ऐन थंडीत! उन्हाळ्यात आमच्याकडे मरायला कोण येतंय? आणि नारू बाहेर पडतो चैत्र-वैशाखात.

"रोगी कुठं आहेत?"

"आता न्हाय जी, उन्हाळ्यात या," धोंडाबाई म्हणाल्या.

अधिकारी हसले. हिवतापाच्या फवारणीचा हुकूम वरून आलेलाच होता. तेवढं नीट करा म्हणाले आणि गेले. पुढं राज्य बदललं, कचेरी बदलली, माणसं बदलली. दौरा थंडीतच राहिला.

एकदा मी चिडून म्हणालो, "साहेब, आकडे जरा वाढवून लिहा, मग तरी येतील." ते म्हणाले, "बाबा, एक खोटं लिहिलं की खरी पानंही गेली." मला तेव्हा त्यांचाही राग आला होता.

साहेबांची साठी पूर्ण झाली. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मनापासून मागतो. पण बारव अजून तशीच उघडी आहे. गेल्या वैशाखात धोंडाबाईंच्या नातीला नारू झाला. काडी मीच धरली होती. तो माझ्या हातून तुटला. पोरगी आता काठीवर चालते. साहेब, हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथं लिहिलं.