चिपचा पाय उचलताना

माझी सुयांची डबी एकाएकी नाहीशी झाली. चोर घरातलाच, म्हणजे आमचे हे, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. फोटोच्या जुन्या रोलची ती काळी डबी दुर्बिणीत डोळा लावायच्या जागी फिट्ट बसते म्हणे. तिचं बूड कापून हे तिथे वेबकॅम चिकटवणार होते. "अहो, सुया कुठे ओतल्यात?" विचारलं, तर म्हणाले, "बशीत." जळ्ळं मेलं लक्षण!

वादळानं दिवेआगरच्या आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या, तेव्हापासून मागच्या अंगणातून भरपूर आकाश दिसतं. मी त्या पोफळींसाठी रडले. ह्यांनी मोटरवर सरकणारी दुर्बीण आणली. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू?

आता ह्यांना मृग नक्षत्रातला तेजोमेघ पडद्यावर हवा होता. साधा वेबकॅम सेकंदात कितीतरी चित्रं काढतो, त्यात एवढा मंद उजेड सापडत नाही. म्हणून आतल्या एका चिपचा मुंगीच्या पायाएवढा पाय उचलायचा, त्याला केसासारखी तार सोल्डर करायची. मग कॅमेरा किती वेळ उघडा ठेवायचा, ते कॉम्प्युटरवरून ठरवता येतं. ह्यांनी मुंबईहून दोन जुने कॅमेरे मागवले. पहिला जळाला. "लाईट वर-खाली होतेय," हे म्हणाले. डोक्यावरचा पंखा तर एका लयीत फिरत होता.

कारण मला ठाऊक होतं. वर्षभर ह्यांचा उजवा हात थरथरत होता. चहा अर्धाच कप घ्यायचे, कुणी आलं की हात खिशात. ह्यांच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. डॉक्टरांचं नाव काढलं की "वय झालं, दुसरं काय!" म्हणून वाडीत निघून जायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मीही गप्प बसायची, पण आतून जीव तुटायचा माझा.

दुसरा कॅमेरा उघडला त्या दुपारी मी समोर तांदूळ निवडत होते. सोल्डरिंगच्या कांडीचं तापलेलं टोक चिपजवळ गेलं आणि नाचायला लागलं. ह्यांनी डाव्या हातानं मनगट दाबून धरलं. तरी नाचतंच.

"सरका," मी म्हटलं.

"तुला काय कळतं यातलं?"

"काही नाही. तुम्ही सांगा, मी करते. चाळीस वर्षं ब्लाउजना हुक लावलेत."

सुईनं मी तो पाय अलगद उचलला, मग कांडीचं टोक तारेशी नेलं. हे कानाशी पुटपुटत होते, "हं... जपून... आता टेकव. उचल, उचल! शाब्बास!" वर्गातल्या पोरीला म्हणावं तसं. ह्यांचा हात टेबलावर माझ्या हाताशेजारी थरथरत पडला होता. लपवायचं विसरूनच गेले होते. तार बसली.

संध्याकाळी जेवणं लवकर उरकून, दिवे मालवून अंगणात बसलो. पडद्यावर आधी नुसता काळोख. दहा-वीस सेकंद दोघंही श्वास धरून बसलो, आणि मग धुकट पंखासारखं काहीतरी उमटलं. "आलं की हो!" मी ओरडलेच.

ह्यांच्याकडे पाहिलं तर डोळे भरलेले. मला वाटलं, आनंदानं.

"बाबांना घास भरवताना मला वैताग यायचा गं," हे म्हणाले. "कधी कधी तर नको व्हायचं. तुझ्यावर ती वेळ यायला नको."

इतके दिवस हे त्या वेळेला घाबरत होते, आणि मी आपली समजत होते की हट्ट करतायत.

"येईल की वैताग," मी म्हटलं. "रोज येईल. मला ओळखता ना? ओरडेनसुद्धा. पण भरवीन. आणि उद्या सकाळी माणगावला डॉक्टरांकडे जायचंय, ऐकलंत?"

ह्यांनी मान हलवली आणि हात माझ्या मांडीवर ठेवला. मी तो दाबून धरला नाही, थरथरू दिला.