कातरबाईचा उजवा हात

पहिल्यांदा उडालं ते अंगठ्याशेजारचं बोट. हात माउसवर होता, पडद्यावर साबणाची जाहिरात होती, आणि बोटानं न सांगता एक कट मारला. कातरबाईनं इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं चूक मागे घेतली, हात मांडीवर ठेवला आणि वर शाल ओढली. चारचौघांत तमाशा करणारं पोर पाहुण्यांपासून झाकावं, तशी.

कातरबाई हे नाव पाठीमागचं. तोंडावर सगळे ताईच म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लहानशा स्टुडिओत ती व्हिडिओ एडिटर होती. तासन्‌तासांचं चित्रीकरण बघायचं, नको ते काढायचं आणि राहिलेलं असं जोडायचं की सांधा दिसू नये. "कातरबाईच्या हाताखालून गेलं की नटाला अभिनय येतो," असं स्टुडिओत म्हणत आणि ते फारसं खोटं नव्हतं. तिची खोली बिनखिडकीची, मशीनसाठी थंडगार ठेवलेली. दोन पडदे, एक कीबोर्ड. त्यावरची निम्मी अक्षरं पुसली गेली होती, पण तिचं काही अडत नव्हतं.

एक बोट उडालं म्हणून कुणी एवढं घाबरतं का? ती घाबरली, कारण हे तिनं आधी पाहिलं होतं. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सरळ रेघ मारायला त्यांना पट्टी लागत नसे. मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी बारीक अक्षरं सुटली, मग शिडी, मग गिऱ्हाईक. "सकाळीच घेऊन येतात वाटतं," लोक एकमेकांना म्हणायचे. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या त्या माणसानं शेवटी घराबाहेर पडणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून बसलेली त्यांची पाठ लेकीच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही.

म्हणून तिनं मूग गिळले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. माउस शक्यतो टाळायला लागली. ती वापरत होती त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते जमायचं. कापणं, जोडणं, मागेपुढे करणं, सगळं बटणांवर होतं आणि बटणं बोटांत मुरलेली. बटण दाबायचं म्हणजे वरून खाली यायचं. तेवढ्यात हात चुगली करत नसे.

अशात मालकांनी सगळ्यांना बोलावलं. मालक म्हणजे स्टुडिओचे मालक, तोलूनमापून बोलणारे गृहस्थ.

"ताई, जुन्याचं आता काही खरं नाही. नव्या कॅमेऱ्यांच्या फायली त्याला पचत नाहीत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एडिटिंग, रंग, आवाज, सगळं एका जागी होतं. बाकीचे एडिटर तर कधीचे मागे लागलेत."

नव्याची झलक कातरबाईनं शेजारच्या खोलीत पाहिली होती. सगळे माउसनं तुकडे उचलायचे, ओढायचे, सोडायचे.

"हातातला माहितीपट अर्धा झालाय," ती म्हणाली. "नदीच्या मधोमध नाव बदलायची? आपण तिघं एकाच प्रोजेक्टवर बसतो, ते त्यात जमतं का? जुनी कामं उद्या उघडायची झाली तर उघडतील?"

कारणं सगळी खरी होती. खरं कारण मात्र त्यांत नव्हतं.

"असं करा," मालक म्हणाले, "माहितीपटातला एक प्रसंग तुम्हीच नव्यावर कापून बघा. दिग्दर्शकही बसतील. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. विषय संपला."

एवढा मान मिळाल्यावर माणसाला बरं वाटावं. तिला मात्र समोर नुसता माउस दिसला.

माहितीपट होता समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांच्या घरांवर. प्रसंग एका म्हाताऱ्या आईचा. मुलाबद्दल विचारल्यावर ती कितीतरी वेळ गप्प राहते, आणि मग विचारते, "तुमचं मशीन चालू आहे का?" ती गप्प राहणं कुठे तोडायचं, यावर सगळा प्रसंग उभा होता.

ठरल्या दिवशी दुपारी दिग्दर्शक शेजारी बसला, मालक मागे उभे, दाराशी इतर एडिटर. नव्याची बटणं तिला ठाऊक नव्हती. माउस धरावाच लागला. तिनं लाटांचा तुकडा उचलला, आईच्या शेवटच्या वाक्यानंतर नेला, आणि हात हलला. एकदा नव्हे, भुंगा अडकल्यासारखा हलतच राहिला. पडद्यावरचा बाण नाचला आणि लाटा थेट म्हातारीच्या तोंडावर पडल्या. निम्मी शांतता पुसली गेली. तिनं मागे घेतलं, पुन्हा नेलं. पुन्हा तेच.

"ताई?" दिग्दर्शक हळूच म्हणाला.

"हे सॉफ्टवेअरच धड नाही," तिच्या तोंडून निघालं. "धरलं की निसटतं. याच्यावर काम व्हायचं नाही."

मालकांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे विचार करूनच म्हणत असाल. राहू दे मग."

दाराशी उभे होते ते पांगले. ती जिंकली होती. आता स्टुडिओनं जुन्याला चिकटून राहायचं, मिळणारी कामं सोडायची, ती कशासाठी? तिच्या एका बोटासाठी. आणि ते बोट तरी किती दिवस झाकणार?

घरी नवऱ्यानं चहा पुढे ठेवला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलण्यापेक्षा कान देऊन ऐकण्याची त्याला सवय. तिनं कपात पाहिलं.

"अर्धाच?"

"हं."

"का? दूध संपलं?"

त्यानं बशी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "भरलेला सांडतो तुझ्याकडून."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"बरेच दिवस झाले. तू सांगशील म्हणून थांबलो." त्यानं मान खाली घातली. "तेही खरं नाही. विचारायची माझीच छाती झाली नाही. तुझ्या वडिलांचं मीही पाहिलंय गं."

इतके दिवस दोघं एकाच घरात, एकाच भीतीला, एकमेकांपासून लपवून पोसत होते. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मला एकटीला डॉक्टरकडे जायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिला चालायला लावलं, हात पुढे धरायला लावले आणि मग कोरा कागद देऊन म्हणाल्या, "गोगलगाईच्या पाठीवर असतो तसा गोल काढा. आतून बाहेर." पेन्सिल टेकली आणि रेघ दातेरी झाली. कातरबाईला त्या कागदाकडे बघवेना. वडिलांची शेवटची पाटी अशीच होती.

"तुम्हाला वाटतो तो मोठा आजार दिसत नाही," तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा नुसता कंप आहे. घराण्यात चालत येतो. गोळ्यांनी थोडा दबतो. वाढेल का? वाढू शकतो. किती, ते मी काय कुणीच सांगू शकत नाही. वडिलांनाही होता म्हणता, तर बहुतेक हाच."

"त्यांना लोक दारुडे म्हणायचे," ती म्हणाली.

"लोक म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गोळ्या लिहायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या खोलीत गेली. दिग्दर्शकही तिथेच होता. परत जावंसं वाटलं, पण पाय आत पडून गेला होता.

"त्या दिवशी सॉफ्टवेअर निसटत नव्हतं. माझा हात हलत होता. मी खोटं बोलले."

मालक जे बोलतील म्हणून तिची झोप उडाली होती, तेच त्यांनी आधी विचारलं. "मग माहितीपट कोण पुरा करणार?"

तिनं हात शालीखाली घेतला.

"हीच करेल," दिग्दर्शक म्हणाला. "ताई, मी शेजारी बसलो होतो. आंधळा नाहीये मी. मला वाटलं, माझं काम नकोसं झालंय म्हणून तुझा हात कापतोय."

"शहाणाच आहेस," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच विरलं, कारण मालक अजून हसले नव्हते. ते बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. "माहितीपटापुरतं बघू," एवढंच म्हणाले. पुढचं तिनंही विचारलं नाही.

मग स्टुडिओत नवं सॉफ्टवेअर आलं आणि माहितीपट घेऊन ती त्याच्यापुढे बसली. बाकीचे एडिटर ते निवडताना वेग बघत होते, रंग बघत होते. तिनं एकच बघितलं, की माउसला हात न लावता यात किती चालता येतं. बरंच चालता येत होतं. बटणं आपल्या सोयीनं बदलताही येत होती. तिनं उजव्या हाताची जमतील तेवढी कामं डाव्याला दिली. बोटं जुन्या वाटेनं जायची आणि भलतंच काही व्हायचं. चाळिशी उलटल्यावर पुन्हा बाराखडी गिरवण्यातलाच प्रकार. रंगाचं काम माउसशिवाय होईना. ते तिनं शेजारच्या खोलीत देऊन टाकलं. देताना जीव तुटला.

म्हाताऱ्या आईचा प्रसंग तिनं सगळ्यांत शेवटी घेतला. दिग्दर्शकानं पाहिला. "शांतता किंचित लांबतेय. दोन फ्रेम कमी कर."

फ्रेम म्हणजे एक चित्र. सेकंदात पंचवीस येतात आणि जातात. तिनं दोनदा बटण दाबलं.

"वा!" तो म्हणाला. "आता बरोबर. हलवू नकोस."

तिनं आकड्याकडे पाहिलं. दोन नव्हे, तीन गेल्या होत्या. तिसरी तिनं कापली नव्हती, हातानं कापली होती. वडिलांची रेघ चुकली की रस्त्यावरच्या माणसालाही दिसायची. ही चूक कुणालाच दिसणार नव्हती. तिचा हात चुकेल आणि लोक वा म्हणतील, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"तीन गेल्यात," ती म्हणाली.

"मग काय झालं? छान वाटतंय की."

"थांब."

तिनं डावा हात उजव्या मनगटावर घट्ट ठेवला आणि तीनचं पाहिलं. मग दोनचं. मग पुन्हा तीनचं. तीनमध्ये म्हातारी ओठ उघडायच्या आत दृश्य घाई करत होतं. दोनमध्ये ती तिच्या वेळेनं बोलत होती. तिनं एक फ्रेम परत जोडली.

"मला काही फरक दिसत नाही," दिग्दर्शक म्हणाला.

"मला दिसतो," ती म्हणाली, आणि काम पुरं झालं म्हणायच्या आधी, आतापर्यंत कापलेला सगळा माहितीपट पहिल्यापासून तपासायला बसली.