बोट दाखवणाऱ्या विद्याताई

बहरीनमधल्या रिफा गावात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मराठी कुटुंब राहायला आलंय असं कळलं, म्हणून मी वाटीभर शिरा घेऊन गेले. दारातच एक बाई कुलपाकडे बोट रोखून मोठ्याने म्हणत होत्या, "गॅस बंद. दिवे बंद. किल्ली हातात. योशी." म्हटलं, झालं! इतक्या वर्षांनी मराठी शेजार मिळाला आणि तोही असला. आल्या पावली परत फिरावं की काय, असं मनात आलं खरं. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातल्या वाटीकडे बोट दाखवलं आणि तितक्याच गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "शिरा आला. योशी."

त्या विद्याताई. मूळच्या मिरजेच्या. लग्नाआधी त्या भारतात मेट्रोमध्ये इंजिनियर होत्या आणि तिथूनच त्यांना वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं होतं. हे बोट दाखवायचं खूळ तिथलं. तिकडे म्हणे गाडी चालवणारा असो नाहीतर फलाटावरचा गार्ड, समोरच्या सिग्नलकडे बोट दाखवून काय दिसतंय ते मोठ्याने बोलतो आणि शेवटी 'योशी' म्हणतो. योशी म्हणजे ठीक. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर मन भलतीकडे असू शकतं, पण बोट आणि तोंड कामाला लावलं की मनालाही झक मारत यावं लागतं. शिवाय सोबतीला दुसरा कुणी असेल तर त्यानेही तेच परत म्हणायचं. तो म्हणेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

त्यामुळे माझ्या गाडीत बसल्या की त्यांचं सुरू व्हायचं. "डावीकडे मोकळं. योशी." आणि मग माझ्याकडे बघत राहायचं. मी आपली "बरं बाई" म्हणून गिअर टाकायचे. मी इथल्या हूरा भागातल्या एका हॉटेलात अकाउंट्सला आहे, चारचौघांत असलं ओरडायला मला कसंतरीच व्हायचं. त्यांची लेक तर मॉलमध्ये "मम्मा, प्लीज, नॉट हिअर" म्हणून चार पावलं पुढे पळायची. पण ताईंना लाज म्हणून नव्हती.

ती तिकडेच कुठेतरी गळून पडली होती. बाब अल बहरीनच्या बाजारात खरेदीला जाताना त्यांनी मला ते सांगितलं. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला त्यांच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, सगळ्यांना एका वापरात नसलेल्या फलाटावर उभं केलं आणि पुकारायला लावलं. ताईंच्या घशातून आवाजच फुटेना. पोरीच्या जातीने मोठ्याने बोलू नये, कुणाला बोट दाखवू नये, हेच ऐकत वाढलेल्या त्या. गुरुजी रागावले नाहीत. कानामागे हात धरून फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. थंडीने ताईंची बोटं वाकत नव्हती, पण ते काही हलेनात. अखेर एकदाचा आवाज तिथवर पोचला तेव्हा त्यांनी तिथूनच कमरेत वाकून नमस्कार केला. "माझा आवाज कुणाला तरी हवा होता गं," ताई म्हणाल्या.

होस्टेलवरच्या स्वयंपाकीणबाईंची गोष्ट तर मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. ताई शाकाहारी, आणि तिकडे साध्या रश्श्यातही मासा. मग या भातावर मेतकूट घालून जेवायच्या. बाईंनी एकदा चव बघितली आणि पुढच्या काही दिवसांत अर्धी पुडी त्यांनीच संपवली. बदल्यात ताईंसाठी मासा न घालता वेगळा रस्सा शिजायला लागला.

आणि एकदा ताईंच्या हातून चूक झाली. सरावाच्या रुळांवर त्यांनी न पुकारता सांधा बदलला आणि छोटी ट्रॉली भलत्याच रुळावर गेली. लागलं कुणाला नाही. आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. गुरुजी सगळ्यांना त्या जागेवर घेऊन गेले आणि नजर नेमकी कुठे निसटली ते बघायला लावलं. नाव कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे बोट दाखवणं म्हणजे दोष देणं. तिकडे बोट सिग्नलला दाखवतात, माणसाला नाही. हे ताईंनी जन्मभरासाठी उचललं. दूध उतू गेलं, लेकीला मार्क कमी पडले, नवऱ्याने पासपोर्ट भलतीकडे ठेवला, काहीही होवो, त्यांचं एकच. "कुणाचं चुकलं ते राहू दे, कुठे निसटलं ते बघू."

अशी बाई नवऱ्याच्या नोकरीपायी आली कुठे, तर जिथे रूळच नाहीत अशा देशात. रेल्वे येणार, इंशाल्ला, असं इथे सगळे म्हणतात. लेक मोठी होईपर्यंत ताईंनी ते नुसतं ऐकलं. मग रेल्वेच्या कामाचा सल्ला देणाऱ्या एका ऑफिसने त्यांना बोलावलं. मुलाखत झकास झाली. अट एकच, ठरल्या मुदतीत ड्रायव्हिंग लायसन्स हवं, कारण साइटवर आपलं आपण जायचं. इथेच घोडं अडलं. ताई टेस्टला बसल्या आणि वळण आलं की स्टीअरिंगवरचा हात काढून बोट दाखवायला लागल्या. नापास. दुसऱ्यांदाही तेच. शिकवणारा उस्ताद वैतागून म्हणाला, "मॅडम, हाथ! यल्ला, हाथ नीचे!"

त्या संध्याकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात नुसत्या बसून राहिल्या. चहा तसाच गार झाला.

"ही नोकरी गेली तर मी रेल्वेची माणूस उरणारच नाही, सुजाता," त्या म्हणाल्या. "मग मी फक्त दाराच्या कुलपाला बोट दाखवणारी बाई."

मी म्हटलं, "ताई, तुमचंच वाक्य. कुठे निसटतंय ते बघू. चला खाली."

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये माझ्या बंद गाडीत त्यांना स्टीअरिंगवर बसवलं आणि मी शेजारी. सांगितलं, तुम्ही फक्त बोला, बोट मी दाखवते. वॉचमन आ वासून बघत होता. बंद गाडीत एक बाई ओरडतेय आणि दुसरी काचेकडे बोटं करतेय. असे आम्ही बरेच दिवस काढले. मग एकदा ताईंनी वळणाचं पुकारलं आणि मला दिसलं, स्टीअरिंगची पकड तशीच होती, फक्त पहिलं बोट ताठ वर आलं होतं. हात जागेवर, बोट कामावर. मी त्यांच्या पाठीत अशी थाप मारली की हॉर्न वाजला.

पुढच्या टेस्टला परीक्षा घेणाऱ्या पोलीसबाईंना वाटलं, ही दुआ म्हणतेय. ताईंनी खरं काय ते सांगितलं. पोलीसबाई म्हणाल्या, म्हणा, पण गाडी चालवा. आणि पास केलं. ताई धावत बाहेर आल्या, हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं, आणि 'योशी' म्हणायच्या ऐवजी रडायलाच लागल्या.

नोकरी लागली. कामात त्या अशा रमल्या की आमची खरेदी बंदच पडली. मी कुरकुर केली, पण खरं सांगते, बरं वाटायचं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या ऑफिसने इथली काही बहरीनी मुलंमुली जपानला प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं आणि त्यांच्यासोबत, त्यांना सांभाळून शिकवायला, विद्याताई. चांगलं वर्षभर. लेक बाबांकडे राहणार होती. यावेळी एअरपोर्टला "नॉट हिअर" न म्हणता आईची बॅग तीच ओढत होती.

एअरपोर्टपर्यंत गाडी ताईंनीच चालवली. परत मी आणायची होती. आत जाताना त्या बोटाने एकेक तपासत होत्या. पासपोर्ट, तिकीट, मेतकुटाची पुडी. बरोबरची मुलं हसत होती. त्यातली एक बुजरी मुलगी पुटपुटली, "योशी." ताईंनी लगेच कानामागे हात धरला. मुलीने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

मग ताई वळल्या. माणसाकडे कधी बोट न दाखवणाऱ्या विद्याताईंनी भरल्या हॉलमध्ये सरळ माझ्याकडे बोट रोखलं.

"मैत्रीण जागेवर. योशी."

आणि उभ्या राहिल्या. रांग पुढे सरकली, त्या हलेनात. सगळं एअरपोर्ट बघत होतं. मी हात उचलला, बोट ताठ केलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मैत्रीण जागेवर. योशी!"

तेव्हा कुठे ताई हलल्या.