मिस्त्रीच्या कानातली रुई

"पह्यले इले इचारू द्या, मंग तुमाले इचारतो."

मोटार दुरुस्तीला आली की मिस्त्री तिच्या मालकाला असं बाजूला करायचा. मग कानातून चिमूटभर रुई काढायचा. अकोल्यातले शौकीन लोक कानात अत्तराचा फाया ठेवत. हा जिनिंगमधली, सरकी काढलेल्या कापसाची कोरी रुई ठेवायचा. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी ओला बोळा दाबायला लावायचा, स्वतः मोटारीखाली निजायचा आणि रुई धुराच्या नळीवरून हळूहळू फिरवायचा. जिथे ती थरथरली आणि काळी झाली, तिथे गळती. बाहेर येऊन ती रुई उजेडात धरायचा, न्यायाधीशाने पुरावा पाहावा तशी. फक्त निकाल लगेच द्यायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना यंत्राचा आदर असतो, मालकाचा बेताचाच.

मी तेव्हा एका देशमुखांकडे इंग्रजी पत्रं लिहायला होतो. वऱ्हाड निजामाचं, राज्य इंग्रजांचं आणि हुकूम नागपूरचा. एवढ्या धन्यांना लिहायचं तर वेगळा माणूस लागायचाच. काम कारकुनाचं. मिस्त्री मला 'दिवाणजी' म्हणायचा आणि मी म्हणू द्यायचो.

देशमुखांना रावसाहेब ही पदवी मिळायची होती. अमरावतीला कमिशनरांचा दरबार भरून तिथे सनद हातात पडणार होती. नेमकी तेव्हाच घरची जुनी मोटार फटफटू लागली. मी ती मिस्त्रीकडे नेली. रुई मागच्या बैठकीच्या बरोबर खाली काळी झाली.

"नळी सडली, दिवाणजी. नवी नागपूरहून आनाव लागते. आठ रोज."

"दरबार परवा आहे."

"मंग दरबाराले म्हना, थांब जरा."

दरबार थांबणारा नव्हता. शेवटी मिस्त्रीने रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला, भोकावर अस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, त्यावर पत्रा बसवून तारेने आवळला. तार पिळता पिळता म्हणाला, "हे कच्चं काम हाय. रस्त्यात ढिलं होईन. मांगचे पडदे बांधू नका. धूर आत कोंडला त मानसाले झोप लागते, अन् मंग ते उठत नाई. सांगान ना देशमुखायले?"

"सांगतो," मी म्हणालो.

देशमुखांच्या घरी गोषा होता. बायका मोटारीत बसल्या की चारी बाजूंनी जाड पडदे बांधले जात. ते उघडे ठेवा असं सुचवणं म्हणजे घराण्याच्या अब्रूला हात घालणं. मी दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत दोनदा गेलो. देशमुख आरशापुढे सनद घेताना किती वाकावं याची तालीम करत होते. मी दोन्ही वेळा त्यांचा फेटा छान दिसतो असं सांगून परत आलो.

ते आदल्या दिवशी आगगाडीने पुढे गेले. दरबाराच्या दिवशी मोटारीत मागे त्यांच्या आईसाहेब आणि पत्नी, म्हणजे आमच्या वहिनीसाहेब, पुढे ड्रायव्हरशेजारी मी. गड्याने पडदे बांधले. मी पाहत होतो.

बोरगावपर्यंत मागून बोलणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. म्हातारीला डुलकी लागली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मूर्तिजापूरला इंजिनात पाणी घालायला थांबलो, तेव्हा वहिनीसाहेबांनीच पडदा ओढून काढला. त्या ओकत होत्या. आईसाहेबांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि हलवलं तसं हलत होतं.

दोन दिवस आईसाहेबांनी कुणाला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा मागितला. सनद ठरल्या वेळी मिळाली होती.

अकोल्याला परतल्यावर रावसाहेबांनी मिस्त्रीला अंगणात बोलावलं. रागावले की त्यांची भाषाही मिस्त्रीचीच व्हायची.

"काहून रे, माह्या मायले मारून राह्यला होता का?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो.

"काम कच्चं होतं, मालक," तो म्हणाला आणि गेला.

त्याच दुपारी रावसाहेबांनी मला पत्र लिहायला बसवलं. या मिस्त्रीच्या हाती मोटार देणं जिवावर बेतेल, असं जिल्ह्यातल्या मोटारवाल्यांना कळवायचं होतं. मोटारवाले थोडेच, त्यामुळे कुणीच सुटला नाही. मी मसुदा दोनदा सुधारला. इंग्रजी उत्तम उतरलं होतं.

महिन्याभरात त्याच्या दुकानापुढे एकही मोटार दिसेना. मग एक दिवस तो माझ्याच खोलीवर आला. वरूडच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर माणूस हवा होता आणि तिथल्या साहेबाला इंग्रजी चिठ्ठी लागत होती.

"तुमचं इंग्रजी लय चांगलं हाय म्हंतेत," तो म्हणाला.

हे त्याला कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. दुसरंच विचारलं. "त्या दिवशी अंगणात माझं नाव का नाही घेतलं, मिस्त्री?"

"मले कोनी इचारलं? त्यायनं निकालच देल्ला."

मी लिहिलं: कसबी आहे, प्रामाणिक आहे, निर्व्यसनी आहे. एकेक शब्द खरा होता. ज्या एका वाक्याने त्याला अकोल्यातच राहता आलं असतं, ते त्यात नव्हतं. खाली सही केली.

शाई ओली होती. टीपकागद शोधायला मी उठलो, तेवढ्यात त्याने सवयीने कानातली रुई काढली आणि माझ्या ओळींवरून हलक्या हाताने फिरवली. सहीपाशी ती चांगलीच काळी झाली. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली, जरा वेळ पाहिली. मग परत कानात ठेवली, चिठ्ठी घडी करून टोपीत घातली आणि जिना उतरून गेला.